लिनक्ससीएनसीवर दोन रोटरी ॲक्सिस सिंक केले, त्याचा अनुभव आणि रिव्ह्यू

घरच्या छोट्या मशीनवर हॉबिंग करून, म्हणजे हॉब नावाच्या स्क्रूसारख्या फिरत्या कटरने, गिअर कापायचे होते. एका स्पिंडलवर (कटर फिरवणाऱ्या दांड्यावर) हॉब फिरतोय, समोर रोटरी टेबलवर जॉब (कापायचा तुकडा) फिरतोय, आणि दोघांचं नातं एका दाताइतकंही सुटता कामा नये. सिंगल स्टार्ट (एकच आटा असलेला) हॉब असेल आणि 30 दात हवे असतील तर हॉबच्या 30 फेऱ्यांत जॉबची बरोब्बर 1 फेरी. जुन्या मशीनवर हे काम चेंज गिअर (बदलून लावायचे गिअर) करतात आणि 127 दात म्हटलं की तसा गिअर शोधत बसावं लागतं, कारण 127 ही मूळ संख्या, तिला भाग जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये 127 आणि 30 मध्ये काहीच फरक नाही, आकडा बदलला की झालं. या एका गोष्टीसाठी मी लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर घेतलं, फुकट आणि ओपन सोर्स आहे, आणि काही महिने वापरल्यावर सांगतो की मनापासून आवडलंय.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण मी स्वतः त्यात अडकलो होतो. सिंक म्हणजे दोन्हीकडचा स्पीड जुळवणं नाही. स्पिंडलला 300 आरपीएम सांगितले, ए ॲक्सिसला (जॉब फिरवणाऱ्या टेबलला) 10 आरपीएम, दोघं सुरू केले, झालं सिंक? नाही. हॉब धातूत शिरला की स्पिंडल थोडा दबतो, ए ॲक्सिसला त्याचा पत्ताच नसतो आणि दात गेले. जुळवायची ती पोझिशन. स्पिंडलवर एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) लावायचा, तो आतापर्यंत एकूण किती फिरलाय ते मोजायचं, त्याला दातांच्या संख्येने भागायचं आणि ए ॲक्सिसला तिथे नेऊन ठेवायचं, दर मिलिसेकंदाला. यात सगळ्यात छान गोष्ट अशी की माझ्या टेबलच्या एका फेरीच्या 80000 स्टेपला (मोटरच्या छोट्या टप्प्यांना) 127 ने नीट भाग जात नाही तरी चूक साठत नाही, कारण हिशोब दर वेळी एकूण फेऱ्यांवरून नव्याने होतो, मागच्या राउंडिंगवर पुढचं राउंडिंग चढत नाही.

लिनक्ससीएनसीत हे जोडायची जागा म्हणजे हॅल. सॉफ्टवेअरमधलं वायरिंगच समजा, एन्कोडरची पिन इकडे, स्केल ब्लॉक (आकड्याला गुणणारा) मधे, स्टेपजेन (मोटरला स्टेप देणारा) तिकडे, आणि मधल्या वायरी तुम्ही टेक्स्ट फाइलमध्ये लिहायच्या. पहिले दोन आठवडे डोकं भणभणतं हे खरं, पण एकदा समजलं की काहीही कशालाही जोडता येतं. दोन्ही बाजूला एन्कोडर असेल तर एन्कोडर_रेशो नावाचा तयार कंपोनंटच आहे, मास्टरचे (पुढे चालणाऱ्याचे) दात, स्लेव्हचे (त्याच्या मागे जाणाऱ्याचे) दात, दोन्हींचे पल्स द्या, तो फरक काढून देतो आणि तो पीआयडीला (फरक बघून मोटर सावरणाऱ्या ब्लॉकला) जोडायचा. माझा स्लेव्ह स्टेपर (स्टेप-स्टेपने फिरणारी मोटर) असल्याने मी साध्या स्केलवर भागवलं. आणि हॅलस्कोप! मशीन चालू असताना दोन्ही ॲक्सिसची रेघ आणि त्यांच्यातला फरक स्क्रीनवर दिसतो, ऑसिलोस्कोपसारखा. हॉब कटमध्ये शिरताना स्पिंडल कसा दबतो आणि ए मागोमाग कसा दबतो हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तासभर तेच बघत बसलो होतो.

आता माझी चूक सांगतो, कारण ती इतरांनी करू नये. स्टेपरच्या एका फेरीला 2000 स्टेप, वर्म गिअर 40:1 (मोटरच्या 40 फेऱ्यांत टेबलची 1), म्हणजे टेबलच्या फेरीला 80000 आणि अंशाला 222.2222... स्टेप. मी फाइलमध्ये 222.22 लिहून मोकळा झालो. फरक एक लाखात एक, काय होणार म्हटलं! फेरीमागे 0.0036 अंश मागे. पण 20 मिमी रुंद गिअर 0.5 मिमी फीडने कापायला जॉबच्या 40 फेऱ्या होतात, म्हणजे 0.144 अंश, आणि 60 मिमी व्यासावर साधारण 0.075 मिमी. सरळ दातांचा गिअर हवा होता आणि दात किंचित तिरपे आले, मी आठवडाभर बॅकलॅश (गिअरमधली ढिलाई) शोधत होतो. सॉफ्टवेअरने मी सांगितलं तेच तंतोतंत केलं होतं. दशांशानंतर दहा आकडे लिहा, फुकट असतात.

कॉम्प्युटरकडेही बघावं लागतं. रिअल टाइम कर्नल (ठरल्या वेळी काम करणारी लिनक्सची आवृत्ती) लागतो आणि आधी लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर किती उशीर करतो त्याची चाचणी) चालवायचीच, ती चालू असताना व्हिडिओ लावा, विंडो हलवा, कॉम्प्युटरला पूर्ण पिडा आणि मग सगळ्यात वाईट आकडा कोणता येतो तो बघा. माझा बेस थ्रेड (स्टेप काढणारं सगळ्यात जलद चक्र) 25 मायक्रोसेकंदाचा, पॅरलल पोर्टवर एका स्टेपला साधारण दोन पिरियड धरले तर सेकंदाला 20000 स्टेप. 30 दातांना 300 आरपीएमवर 13333 लागतात, आरामात. पण 12 दातांचा गिअर घेतला की जॉब 25 आरपीएमने फिरतो आणि मागणी जाते 33333 वर. दात कमी म्हणजे काम सोपं असं वाटतं, ॲक्सिससाठी ते उलट आहे. तिथे मी स्पिंडल हळू केला, आणि नियमित काम असेल तर स्टेप बनवणारं एफपीजीए कार्ड घ्या हे सरळ सांगतो. एन्कोडरचंही तेच, 1000 लाइनचा म्हणजे 4000 काउंट, 300 आरपीएमला सेकंदाला 20000, सॉफ्टवेअर मोजणीत हे काठावरच आहे.

दोन्ही ॲक्सिस पोझिशनवर चालणारे असतील, म्हणजे दोन्हीकडे सर्वो किंवा स्टेपर, तर एवढं काही करावं लागत नाही. जी1 च्या (सरळ चालीच्या कमांडच्या) एका ओळीत ए आणि बी दोन्ही लिहा, दोघं एकत्र सुटतात आणि एकत्र पोचतात. ए 3600 वर गेला आणि नंतर ए0 दिलं तर तो दहा फेऱ्या उलटा येतो, ते नको असेल तर रॅप्ड रोटरी सेटिंग ऑन करा. लांब शाफ्ट दोन्ही टोकांनी फिरवायचा असेल तर एकाच ॲक्सिसला दोन जॉइंट (मोटर) देता येतात आणि होमिंगही (शून्य जागा शोधणं) सोबत करता येतं.

अजून एक, दुसरा पास घेताना स्पिंडल बंद केला तरी चालेल पण सिंक सोडू नका. एन्कोडर मोजत राहतो, ए त्याच्यासोबत थांबतो, पुन्हा सुरू केलं की हॉब त्याच खाचेत जातो. सिंक सोडला की फेज (दोघांची जुळलेली जागा) गेली आणि चालू गिअर भंगारात.

आता हेलिकल (तिरप्या दातांचा) गिअर घेतलाय हातात. त्यात झेड जितका खाली जाईल त्या प्रमाणात ए ला थोडी जास्तीची फेरी द्यायची असते, एका लीडला (तिरपा दात पूर्ण एक वळसा घेईल तेवढ्या अंतराला) एक. हॅलमध्ये सम2 (बेरीज करणारा) ब्लॉक टाकून झेडची पोझिशन त्यात मिसळलीय, हवेत चालवून बघितलं तर स्कोपवर रेघ बरोबर तिरपी येतेय, उद्या नायलॉनवर कापून बघतो.