मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची लाल जर्सी: घेण्याआधी काय तपासावं

व्यावसायिक आइस हॉकीतले बहुतेक संघ दर काही वर्षांनी जर्सी बदलतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाची मात्र शंभर वर्षांहून जास्त काळ जवळपास तशीच आहे: लाल अंग, छातीवर आडवा निळा पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ आणि मधोमध मोठ्या 'सी'च्या पोटात बसलेला 'एच'. मूळ मांडणी १९१४ च्या सुमाराची, चिन्हाचं आजचं रूप १९५२ चं. मॉन्ट्रियलचे फ्रेंचभाषक चाहते या जर्सीला 'सेंत फ्लानेल' म्हणजे पवित्र फ्लॅनेल म्हणतात, आणि ते उगाच नाही.

आधी त्या 'एच'चं बघू, कारण बनावट आणि चुकीच्या जर्सी तिथेच पकडल्या जातात. 'एच' म्हणजे हॅबिटंट्स (क्वेबेकमधले जुने फ्रेंच शेतकरी), असं सर्रास सांगितलं जातं. संघाचं 'हॅब्स' हे लाडकं नाव त्याच शब्दावरून आलं हे खरं, पण जर्सीवरचा 'एच' हॉकीचा आहे. ४ डिसेंबर १९०९ रोजी ॲम्ब्रोज ओब्रायन यांनी हा संघ काढला. घराणं चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं. त्यांच्या रेनफ्रू गावच्या संघाला प्रतिस्पर्धी लीगने दार बंद केलं, तेव्हा त्यांनी इतरांबरोबर नॅशनल हॉकी असोसिएशन ही नवी लीग उभी केली आणि मॉन्ट्रियलच्या फ्रेंचभाषक प्रेक्षकांसाठी कॅनेडियन्स हा वेगळा संघ त्यात घातला. जॅक लाव्हिओलेट यांनी खेळाडू जमवले. न्यूझी लालाँद आणि दिदिए पित्र त्यातलेच. ५ जानेवारी १९१० ला ज्युबिली रिंकवर पहिला सामना कोबाल्टच्या संघाविरुद्ध ७-६ असा जादा वेळेत जिंकला. अंगात निळी जर्सी होती, छातीवर फक्त पांढरा 'सी'. पुढच्या हंगामात लाल रंग आणि हिरवं मेपलचं पान आलं, १९१२-१३ मध्ये लाल-पांढरे-निळे आडवे पट्टे.

त्या काळात संघाची मालकी जॉर्ज केनेडी यांच्या क्लब अथलेतिक कॅनेडियनकडे गेली होती, म्हणून 'सी'च्या पोटात 'ए' बसला. पुढे नाव क्लब द हॉकी कॅनेडियन झालं आणि १९१७-१८ च्या हंगामात 'ए'च्या जागी 'एच' आला. नॅशनल हॉकी लीग सुरू झाली तो हाच हंगाम. संघाने पहिला स्टॅनले कप, म्हणजे या खेळातला सर्वांत मानाचा चषक, १९१६ मध्ये पोर्टलंडला हरवून जिंकला, तेव्हा छातीवर 'ए' होता. म्हणजे '१९१६ची प्रतिकृती' म्हणून कोणी 'एच'वाली जर्सी दाखवली, तर ती सरळ परत करावी.

आता जर्सीकडे. २०२४-२५ च्या हंगामापासून लीगच्या जर्सी फनॅटिक्स बनवते. त्याआधी सात हंगाम ते काम ॲडिडासकडे होतं. ब्रेकअवे, प्रीमियम आणि ऑथेंटिक प्रो अशा तीन पातळ्या आहेत. ब्रेकअवे स्टेडियममध्ये बसून सामना पाहणाऱ्याच्या मापाने कापलेली, ऑथेंटिक प्रो बर्फावरच्या खेळाडूच्या मापाने. नाव कुठलंही असो, फरक हातात घेतल्याशिवाय कळत नाही. छातीवरच्या चिन्हाची कड नखाने हळूच उचलून पाहावी. चिन्ह नुसतं उष्णतेने चिकटवलेलं असेल तर कड गुळगुळीत लागते आणि जर्सी आतून पाहिली तर टाके दिसत नाहीत. शिवलेलं असेल तर जाड विणीच्या ट्विल कापडाचे थर एकावर एक आणि कडेने दाट नागमोडी टाके दिसतात. या जर्सीत पट्टा, रेघ, 'सी' आणि 'एच' असे रंगांवर रंग चढलेले असल्याने शिवलेल्या चिन्हाला जी उठावदार खोली येते, ती चिकटवलेल्याला येत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: इतिहासासाठी घेत असाल, तर शिवलेलीच घ्या.

लाल जर्सीत एक दोष वारंवार दिसतो. पाठीवरचा पांढरा आकडा काही दिवसांत गुलाबी पडतो. दोष धुण्यात असतोच असं नाही. पॉलिएस्टरचा लाल रंग जास्त उष्णतेत वायूसारखा धाग्यातून सुटतो आणि वर चिकटवलेल्या पांढऱ्या थरात शिरतो. आकडा चिकटवणारी तापती प्रेस जास्त तापवली किंवा जास्त वेळ दाबून धरली की हे होतं. बाहेरून नाव-आकडा लावून घेताना मध्ये रंग रोखणारा थर घालणार का, आणि आकडा शिवणार की दाबणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. एकदा गुलाबी झालेला आकडा पुन्हा पांढरा होत नाही.

आकड्याची उंचीही मोजावी. लीगच्या नियमाप्रमाणे पाठीवरचा आकडा किमान १० इंच, म्हणजे साधारण २५ सेंटीमीटर हवा. मोठ्यांच्या मापाच्या जर्सीवर तो त्याहून लहान असेल तर ती खेळाडूंच्या जर्सीची नीट नक्कल नाही.

मग आतला पट्टा. मागच्या खालच्या कडेला आतून शिवलेला हा पट्टा विजारीला अडकवतात, म्हणजे मारामारीत प्रतिस्पर्ध्याला जर्सी डोक्यावरून ओढता येत नाही. जर्सी नीट बांधलेली नसेल आणि मारामारीत ती अंगातून पूर्ण निघाली, तर खेळाडूला सामन्याबाहेर काढतात. त्यामुळे पट्ट्याची शिलाई दुहेरी, चौकटीत आडवे-तिडवे टाके घातलेली असायला हवी. एकेरी टाक्यावर लोंबणारा पट्टा नुसता देखावा आहे.

मापाबाबत: खेळाडूंच्या मापाच्या जर्सीवर आकडे असतात. ४६ म्हणजे साधारण स्मॉल, ५० मीडियम, ५२ लार्ज, ५४ एक्स्ट्रा लार्ज. ही जर्सी खांद्याच्या आणि कोपराच्या पॅडवर चढवायची असते, म्हणून साध्या टी-शर्टवर घालणाऱ्याने एक माप लहान घ्यावं. बाही लांब वाटते, ती तशीच असायची.

कोणता खेळाडू, कोणता रंग, इथे खरी मजा आहे. संघाचे जुने गाजलेले खेळाडू मॉरिस रिशार्ड यांचा ९ हवा असेल तर जर्सी लाल घ्यावी आणि पाठीवर नाव घालू नये. पाठीवर नाव असणं लीगने १९७७-७८ पासून सक्तीचं केलं. रिशार्ड १९६० मध्येच निवृत्त झाले. आधी ते १५ क्रमांक घालत, मुलगी ९ पौंडांची जन्मली म्हणून त्यांनी ९ मागून घेतला. त्यांच्या जर्सीवर कर्णधाराचा 'सी' १९५६ नंतरचाच खरा. गोलरक्षक पॅट्रिक रॉय यांचा ३३ मात्र पांढऱ्यावर नावासकट हवा, कारण १९७० ते २००३ या काळात लीगमध्ये घरचा संघ पांढरी जर्सी घालायचा. ९ जून १९९३ ला संघाच्या घरच्या मैदानावर, मॉन्ट्रियल फोरमवर, लॉस एंजेलिसला ४-१ हरवून आजवरचा शेवटचा, चोविसावा कप जिंकला तो पांढऱ्यातच. हावी मोरेंझ यांचा ७ हा संघाने निवृत्त केलेला पहिला क्रमांक. जानेवारी १९३७ मध्ये सामन्यात त्यांचा पाय मोडला आणि ८ मार्चला ते गेले. तो क्रमांक घेणाऱ्याने तो बिननावाचाच घ्यावा.

जुन्या प्रतिकृतींपैकी १९२४-२५ ची सर्वांत देखणी. १९२४ चा कप जिंकल्यावर त्या हंगामात छातीवर पृथ्वीचा गोल होता. प्रतिकृतीत त्या जागी नेहमीचं चिन्ह दिसलं तर घेऊ नये.

धुताना उलटी करून, गार पाण्यात, हलक्या फेऱ्यावर, लाल आणि पांढरी वेगवेगळी. ब्लीच नाही, ड्रायर नाही. ड्रायरच्या उष्णतेने गोंद सैल होऊन चिन्हाच्या कडा उचलतात. चिन्हावर इस्त्री फिरवू नये. सावलीत हँगरवर टांगावी, आणि आतला पट्टा लटकत ठेवण्यापेक्षा आत दुमडावा, म्हणजे खालची कड ताणली जात नाही.