नेव्हीवर आर्मीची मूठ चढवावी का? करंगळी लटकणाऱ्यांसाठी थोडं

ज्यांच्याकडे १८५१ नेव्हीची, म्हणजे कोल्टच्या जुन्या बारुदी रिव्हॉल्व्हरची, रेप्लिका आहे आणि पंजा जरा मोठा आहे त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते आधीच कळलं असेल. बाकीच्यांनी एकदा रिकामं रिव्हॉल्व्हर हातात धरून करंगळी कुठे जाते ते बघा. मधलं बोट बसतं, अनामिका बसते, आणि करंगळी अर्धी लाकडावर अर्धी हवेत. यावर दोनच उपाय लोक सांगतात, एक म्हणजे त्याच फ्रेमवर (रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर) कोल्टच्याच १८६० आर्मी या मॉडेलची लांब मूठ चढवायची, किंवा नेव्हीची मूठ आहे तशी ठेवून नुसतं लाकूड जाड बसवायचं. मी दोन्ही केलंय, आणि उलट्या क्रमानं केलंय, म्हणजे आधी लाकडावर वेळ घालवला आणि मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं.

रेमिंग्टनवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्याकडे त्या दुसऱ्या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरची रेप्लिका आहे त्यांनी, इथे थांबलं तरी चालेल. त्याला सगळे १८५८ म्हणतात, खरं तर तो पेटंटचा सन, न्यू मॉडेल आर्मी निघाली १८६३ पासून, पण मुद्दा तो नाही, मुद्दा असा की त्यात मुठीचा पट्टा फ्रेमचाच भाग आहे, एकसंध. दोन बाजूंच्या फळ्या बदलता येतात, मूठ लांब होत नाही. अदलाबदलीची मजा फक्त कोल्टच्या घाटणीत, कारण तिथे बॅकस्ट्रॅप, म्हणजे मुठीचा मागचा पट्टा, वेगळा, ट्रिगर गार्ड आणि पुढचा पट्टा मिळून दुसरा तुकडा, मध्ये एकसंध लाकूड, आणि हे सगळं सहा स्क्रूंवर उभं.

ही अदलाबदल जमते का, तर जमते, कारण १८६० ची आर्मी मुळात नेव्हीच्याच फ्रेमवर बेतलेली. पॉइंट ४४ चा मोठा सिलिंडर बसावा म्हणून फ्रेमला पुढे पायरी काढली, मागची बाजू तशीच. गंमत म्हणजे कोल्टनं सुरुवातीच्या काही आर्मींना नेव्हीचीच छोटी मूठ दिली होती, मग ती बदलून लांब केली. आणि लगेच १८६१ च्या नेव्हीला पुन्हा छोटी मूठ, पुढे १८७३ च्या सिंगल ॲक्शन मॉडेललाही नेव्हीच्याच वळणाची. म्हणजे मूळ कारखान्यातही हा वाद मिटला नव्हता असं मी म्हणतो, आपण कशाला एकमेकांशी भांडा.

आता लाकडाचा रस्ता. यात धोका काहीच नाही हे आधी कबूल करतो. मी एक जाड अक्रोडाचं लाकूड घेतलं, आतून कोरून पट्ट्यांमध्ये बसवलं, बाहेरून हातात धरून धरून घासलं, जवसाचं तेल चढवलं, आणि दिसायला इतकं सुरेख झालं की दोन आठवडे मी स्वतःलाच पटवत होतो की प्रॉब्लेम सुटला. तळवा भरला, हे खरं. पूर्वी मूठ तळव्यात फिरायची ती कमी फिरायला लागली, हेही खरं. पण लाकूड दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलेलं आहे हो, रुंदी वाढवाल तेवढी वाढेल, लांबी ठरवणारं लोखंड किंवा पितळ जिथे संपतं तिथेच मूठ संपते. करंगळी जिथे होती तिथेच.

आणि माझं सगळं गणित या करंगळीपाशीच अडलं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. लोक म्हणतात करंगळी खाली दुमडून घे, बुडाखाली टेकव, कितीतरी लोक तसंच मारतात आणि चांगलं मारतात. मीही घेतली. पहिल्या गोळीला छान. मग पुढच्या गोळीसाठी हॅमर, म्हणजे घोडा, मागे ओढायला अंगठा वर गेला की पकड ढिली होते, रिव्हॉल्व्हर हातात किंचित वळतं, आणि परत मूठ आवळताना करंगळी नेमकी कुठे येईल ते माझ्या हातात नव्हतं. कधी बुडाखाली, कधी पुढच्या पट्ट्याच्या खालच्या कोपऱ्यावर, कधी तिथल्या कडेवर अर्धवट. बुडाखाली असली की नळी एक प्रकारे बसायची, कोपऱ्यावर असली की करंगळी दाबताना नळी खाली झुकायची. टार्गेटच्या पेपरवर काय दिसायचं तर भोकांची उभी माळ. डावी-उजवीकडे म्हणाल तर बऱ्यापैकी, पण वर-खाली विखुरलेलं, आणि मी कधी पावडरला दोष देतोय, कधी गोळीवरच्या ग्रीसला, कधी वेज (नळी फ्रेमला धरून ठेवणारी पाचर) ढिली झाली म्हणून ठोकतोय. शेवटी एका मित्रानं शेजारी उभं राहून माझ्या साइटकडे न बघता हाताकडे बघितलं आणि म्हणाला, अरे तुझं शेवटचं बोट दर वेळी वेगळ्या गावाला जातंय.

तिथून आर्मीचा सेट मागवला. सेट म्हणतोय तो मुद्दाम. बॅकस्ट्रॅप, ट्रिगर गार्ड, लाकूड आणि मेनस्प्रिंग (हॅमरला जोर देणारी मुख्य स्प्रिंग), चारही आर्मीचेच हवेत. मी आधी तीनच घेतले आणि म्हटलं स्प्रिंग जुनी चालेल, तर पट्टा लांब झाल्यामुळे स्प्रिंगचा पाया खाली गेला आणि टोक हॅमरच्या रोलरपर्यंत नीट पोचेना, हॅमर असा मरगळल्यासारखा पडायचा. चूक माझीच. दुसरं म्हणजे एकाच कारखान्याचे भाग घ्या. उबेर्टी आणि पिएट्टा दोघंही इटलीत ब्रेशियाच्या बाजूचे, माल लांबून सारखा दिसतो, पण एकाचा बॅकस्ट्रॅप दुसऱ्याच्या फ्रेमवर भोकाला भोक जुळून बसेल ही आशा ठेवू नका. त्याच कारखान्याच्या जुन्या-नव्या मालातही मुठीचं वळण बदललेलं असू शकतं, तेव्हा आपल्या फ्रेमवरचा वर्षाचा कोड विकणाऱ्याला कळवलेला बरा.

बसवताना त्रास होतो का? होतो, आणि इथे मी आर्मीच्या बाजूनं खोटं बोलणार नाही. कारखान्यात फ्रेम आणि पट्टे एकत्र जोडून पॉलिश करतात, त्यामुळे सांधा हाताला लागत नाही. बाहेरून आणलेला तुकडा कुठेतरी वर येणार, कुठेतरी आत जाणार. माझ्या बॅकस्ट्रॅपचा एक कान हॅमरच्या शेजारी केसाएवढा वर होता, दिसायला काहीच नाही, पण नेमका अंगठ्याच्या बेचक्यात, आणि पहिल्याच दिवशी तिथली कातडी सोलली. तो कानस आणि मग पॉलिश पेपरनं उतरवला. घासायचं ते पट्ट्याला, फ्रेमला नाही, फ्रेम वरून कडक केलेली असते आणि तिचे ते निळे-तपकिरी ढग एकदा गेले की गेले. पट्टा पितळी असेल तर घासून पुन्हा चमकवता येतो. आर्मीचा बॅकस्ट्रॅप मूळ पद्धतीप्रमाणे पोलादाचा असतो, मग घासलेल्या जागी पांढरं पडतं आणि बाटलीतलं ब्ल्यूइंग (पोलादाला निळा-काळा रंग देणारं रसायन) लावलं तरी रंग थोडा वेगळा राहतो. माझा वेगळाच आहे, उन्हात दिसतो.

अजून एक. कोल्टमध्ये हॅमर मागे येऊन जिथे टेकतो तो बॅकस्ट्रॅपच असतो. पट्टा किंचित पुढे बसला तर हॅमर फुल कॉकच्या (पूर्ण मागे ताणलेल्या स्थितीच्या) खाचेआधीच अडू शकतो. म्हणून कॅप (ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) नाहीत, चेंबर रिकामे, हे दोनदा बघून (शक्यतो सिलिंडर काढूनच ठेवा) अंगठ्यानं हॅमर हळू मागे घ्यायचा, हाफ कॉक, फुल कॉक, खटका नीट ऐकू येतो का, आणि अंगठ्यानंच खाली सोडायचा. हॅमर कुठे अडतोय, घासतोय असं वाटलं तर पुढे जाऊ नका, जाणकाराला दाखवा. स्क्रू सगळे आधी ढिले लावून घ्या आणि मग थोडे थोडे करत आवळा, एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात की शेवटचा भोकात जाणारच नाही. आणि स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा हवा, या स्क्रूंची डोकी एकदा चेपली की कायमची लाज.

एवढा उपद्व्याप करून मिळालं काय? करंगळीला घर मिळालं. बस, एवढंच. मूठ थोडीच लांब आहे, शेजारी शेजारी ठेवली तर बघणारा म्हणेल यासाठी एवढं? पण चारही बोटं प्रत्येक वेळी त्याच जागी येतात, हॅमर ओढल्यावर पकड परत जुळवावी लागत नाही, आणि ती उभी माळ आखडली. मी काही मोजपट्टी घेऊन बसलो नाही, नुसते जुने पेपर जपून ठेवलेत आणि २५ मीटरवरचे आधीचे आणि नंतरचे शेजारी लावले की मला पुरतं. ग्रूप, म्हणजे गोळ्यांचा झुबका, जरा खालीही आला, एरवी या कोल्ट घाटणीच्या रेप्लिका वरच मारतात, तेव्हा ते आयतंच मिळालं. फाउलिंग, म्हणजे जळलेल्या पावडरची काजळी, साचून हॅमर, सिलिंडर जड व्हायला लागतात तेव्हा तर फरक जास्त जाणवतो, कारण जोर लावताना मूठ हातात टिकते.

नेव्हीच्या बाजूनं बोलायचं तर तिचा तोल खरंच गोड आहे, नुसती उचलून रोखली की नळी आपोआप लक्ष्याकडे जाते, आर्मीच्या मुठीनं ते थोडं हरवलं असं मलाही कधी कधी वाटतं. अंगठ्याला हॅमर जवळ पडतो तो नेव्हीत. लांब मुठीत हात खाली सरकायचा मोह होतो आणि मग हॅमर लांब. हात छोटे असतील तर मी कुणाला अदलाबदल सुचवणार नाही, त्यांनी लाकूडच घासावं, कदाचित उलट बारीक करावं. आणि स्पर्धा मारत असाल तर आधी विचारून घ्या, रेप्लिका मूळ घाटणीला धरून असावी असं नियम म्हणतात, नेव्हीची अष्टकोनी नळी आणि खाली आर्मीची मूठ बघून तपासणारा भुवया उंचावू शकतो. मी हौसेनं मारतो, मला कुणी विचारत नाही.

ज्या मित्रानं हात बघितला होता त्याचे पंजे माझ्यापेक्षा बरेच लहान. त्यानं माझं नवं जोडकाम धरून बघितलं, दोनदा हॅमर ओढला, म्हणाला हॅमर फार लांब गेला रे. त्याचं रिव्हॉल्व्हर माझ्याच कारखान्याचं, फक्त आर्मी. माझा काढलेला नेव्हीचा सेट, त्या सुंदर जाड लाकडासकट, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता तो बघायला म्हणून घेऊन गेला, आता त्याच्या आर्मीवर चढलाय. लाकूड त्यानं घासून बारीक केलं म्हणे. मी परत मागितलेला नाही.