डोळ्याच्या सुजेवर थेंब की इंजेक्शन?
म्हापशातल्या माझ्या मावशीला युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराची सूज. आधी प्रेडनिसोलोनचे थेंब दिले. दुधासारखं पांढरं औषध, तळाशी बसतं. बाटली हलवायची हे ती हमखास विसरायची. हे स्टेरॉइड पेशीत शिरतं, आतल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटून केंद्रकात जातं आणि सूज पेटवणारी बरीच जनुकं एकदम गप्प करतं. म्हणून गुण लवकर. पण फार दिवस घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. शिवाय थेंब डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत धड पोचतच नाहीत.

अडालिमुमॅब हे इंजेक्शन मात्र पेशीत शिरत नाही. टीएनएफ-अल्फा हा सुजेचा निरोप्या रिसेप्टरचं दार ठोठावण्याआधीच ते त्याला धरतं. युव्हिआयटिससाठी अमेरिकेत 2016 साली मान्यता मिळाली, तीही सूज संसर्गाची नसेल तरच. आधी टीबीची तपासणी हवीच. दबलेला टीबी उफाळू शकतो.

पुढच्या भागातली पहिलीच सूज असेल तर माझं मत थेंबांना. मावशीची परत परत उलटली, म्हणून आता अडालिमुमॅब, दर 2 आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम, मांडीत. ठेवायचं 2 ते 8 अंशांत. पावसात लाइट गेली की ती फ्रिजला हात लावू देत नाही, बांगडे आतच राहिले तरी!