उजेडात जंतू मारणारं कापड : पडदा घ्या, नॅपकिन राहू द्या

टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेला सुती पडदा आणि त्याच कापडाचे दोन नॅपकिन, असा हा संच. पाकिटावर ठळक छापलंय, ‘९९.९ टक्के जंतू नाहीसे’. कुठल्या उजेडात, ते कुठेच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

हा लेप कामाला लागतो तो साधारण ३८८ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लहरींच्या, म्हणजे अतिनील प्रकाशात. घरातल्या पांढऱ्या एलईडी ट्यूबमध्ये तो जवळजवळ नसतोच. खिडकीची साधी काच मात्र त्यातला बराचसा आत येऊ देते. त्यामुळे ऊन येणाऱ्या खिडकीला पडदा लावलात तर पैसे वसूल; समोर हातभर अंतरावर दुसरी इमारत असेल तर फार आशा नको. नॅपकिन बेसिनपाशी ओलाच लोंबकळणार, तिथे कसलं ऊन? पावसाळ्यात दोरीवरच्या कपड्यांना येणारा कुबट वासही त्याने जाणार नाही.

दुकानदाराने दाखवलेल्या अहवालावर आयएसओ २०७४३ हा आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकाचा क्रमांक आहे. ती सर्वसाधारण जंतुरोधक कापडाची चाचणी, उजेडाचा हिशेब तिच्यात नाही. अतिनीलसाठी आयएसओ २७४४७ आणि घरातल्या उजेडासाठी १७०९४ चा अहवाल मागा.

घरी पडताळायचं तर मासे पाळण्याच्या सामानाच्या दुकानातून मेथिलीन ब्लू हा निळा रंग आणा; चालू लेप तो उन्हात लवकर उडवतो. खूप पातळ करून एकेक थेंब या कापडावर आणि साध्या पांढऱ्या सुती कापडावर टाका, दोन्ही शेजारी उन्हात ठेवा. निळा रंग साध्या कापडावरही थोडा उडतो, म्हणून जोडी हवीच. दोन्ही डाग सारखेच फिके झाले तर लेप नावापुरता.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर लेपावर बसतो. साबण दोनदा खळबळून काढा, कारण उरलेला साबणच आधी जाळण्यात लेपाची ताकद जाते. हाच लेप स्वतःला धरून ठेवणारा बाइंडरही हळूहळू खातो. या पडद्याचं दुखणं तेच: काही धुण्यांनंतर काळ्या कापडावर घासला की पांढरी भुकटी उतरते.

दवाखान्यासाठी या कापडाचा अख्खा तागाच घेणार असाल तर मुंबईत घाटकोपरच्या बीटीआरए या कापड-संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत आधी चौकशी करा. नमुना द्यायचा तो धुतलेला; कोरा तुकडा कोणाचाही पास होतो.