कानात मेटल, भोवती आर्यमौन: दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराविषयी

विपश्यनेच्या, म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे पाहण्याच्या ध्यानपद्धतीच्या, दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज भरताना आधी केलेल्या साधना, चालू असलेली औषधे, व्यसने आणि मनाचे आजार यांविषयी बारकाईने विचारले जाते. रोज कसले संगीत ऐकता आणि किती मोठ्याने, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारले असते तर मी खरे तेच लिहिले असते: डोंबिवली ते सीएसएमटी या प्रवासात, जाऊन-येऊन रोज अडीच तास, गेली अठरा वर्षे, बहुतेक वेळ मेटल, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज आणि धडाडणारे ढोल असलेले रॉक संगीत, आणि त्यातही जितके जड तितके प्रिय. माझ्या मेटल ऐकणाऱ्या मित्रमंडळींना वाटत होते की शिबिरात गेल्यावर ही आवड सुटेल, आणि आमच्या सोसायटीतल्या, नेमाने सत्संगाला जाणाऱ्या काकूंना वाटत होते की ती सुटल्याखेरीज शिबिरात जाऊन उपयोग नाही. दोघांचेही म्हणणे मी दहा दिवस अंगावर घेऊन तपासले, म्हणून हे परीक्षण.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. म्यानमारमध्ये जन्मलेले आणि तिथेच सयाजी ऊ बा खिन या ध्यानाचार्यांकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातले पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे नियमित भरू लागली आणि आता तशीच केंद्रे जगभर आहेत. सर्वत्र वेळापत्रक तेच आणि सूचनाही गोएंकाजींच्याच ध्वनिमुद्रित आवाजात असल्यामुळे एका केंद्राचा अनुभव दुसरीकडेही बराचसा लागू पडतो. मी गेले ते केंद्र घाटमाथ्यावरचे, मध्यम आकाराचे होते. राहण्या-जेवण्याचे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यावे, आणि शिबिर पूर्ण न केलेल्याकडून दान घेतच नाहीत, ही पद्धत मला फार सभ्य वाटली. जेवण साधे आणि चांगले होते. सकाळी पोहे किंवा उपमा आणि मोड आलेली मटकी, अकराला पोळी-भाजी-वरण-भात, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना मुरमुरे, एखादे फळ आणि चहा. फोन, पुस्तक, वही आणि पेन पहिल्याच दिवशी जमा करावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर माझे हेडफोनही गेले. पावती लिहिणाऱ्या धम्मसेविकेने ते हातात धरून वजनाचा अंदाज घेतला आणि काही न बोलता पिशवीत टाकले.

पहाटे चारला घंटा होते आणि साडेचारला पहिली बैठक सुरू होते. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे, एवढेच काम असते. सभागृहात शंभरेक माणसे बसलेली असूनही एखाद्या आवंढ्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता असते, आणि त्या शांततेत, पहिल्या दिवशी साधारण पाच वाजता, माझ्या डोक्यात डबल पेडलचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचे, ढोल सुरू झाले. गाणे अर्थातच ओळखीचे होते. पण ते पूर्ण वाजत नव्हते. आठ मात्रांचा एकच रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, त्याच्या शेवटी झांजेचा एक फटका, आणि पुन्हा तोच रिफ. दुपारपर्यंत मी श्वासही त्याच लयीत घेऊ लागले होते, आणि श्वास जसा असेल तसा पाहायचा, तो घडवायचा नाही, ही तर इथली पहिली सूचना आहे. डोक्यात गाणे बसणे कुणालाही होते, सिनेगीतेही बसतात, हे मला ठाऊक होते. परंतु मेटलचा रिफ मुळातच पुनरावृत्तीवर उभा असल्यामुळे तो बसला की उठण्याचे नाव घेत नाही, असे माझे निरीक्षण आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी मी साहाय्यक आचार्यांसमोर जाऊन बसले.

"ताई, डोक्यातले गाणे थांबतच नाही."

"गाणे चालू असताना श्वास कळतो का?"

"मधूनमधून."

"मग मधूनमधून पाहा. गाण्याशी भांडू नका."

गाणे कसले आहे, शब्द कसले आहेत, हे त्यांनी विचारले नाही. मी मनात तयार करून नेलेले सारे समर्थन वाया गेले, आणि त्याचे मला थोडे वाईटही वाटले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केव्हातरी लक्षात आले की रिफ थांबला आहे, आणि तो नेमका कधी थांबला ते मला सांगता येत नाही.

खरी अडचण नंतर आली. पाचव्या दिवशी मला पॅगोडातले शून्यागार मिळाले. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढी ती खोली आणि दार लावले की काळोख. तिथे बसल्यावर पहिल्यांदा मला माझ्या डाव्या कानातला आवाज स्पष्ट ऐकू आला: जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही लावल्यावर येते तशी बारीक, न थांबणारी शिट्टी. डोंबिवलीत पंखा, लोकल, शेजारचा मिक्सर आणि हेडफोन यांच्याखाली ती किती वर्षे दबलेली होती कोण जाणे. याला कर्णनाद म्हणतात, आणि माझ्या बाबतीत त्याचे कारण शोधायला लांब जायला नको. कानातल्या शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या बारीक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते, आणि मोठ्या कॉन्सर्टमध्ये स्पीकरसमोर आवाज याहूनही वर जातो. २०११ साली बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका हा मेटल बँड ऐकायला मी गेले होते, शक्य तितकी पुढे घुसून उभी राहिले होते आणि कानात साधा कापसाचा बोळाही नव्हता. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत कान वाजत होते, तेव्हा ती मला मिरवण्याची गोष्ट वाटली होती.

जड संगीताचा साधनेवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे माझ्यापुरते सर्वांत ठोस उत्तर हे आहे, आणि ते सूक्ष्म नसून निव्वळ शारीरिक आहे. ज्या शांततेसाठी लोक घाट चढून येतात, ती माझ्या वाट्याला पूर्ण येणार नाही. एका कानात शिट्टी राहणारच. आचार्यांना हेही सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की तीही अनित्यच आहे. अनित्यतेच्या वर्गातला हा माझा एक नाठाळ विद्यार्थी आहे खरा, कारण संवेदना उठतात आणि विरतात, पण हा बसल्या जागेवरून हलत नाही. तरीही शून्यागारात नीट ऐकल्यावर कळले की शिट्टी एकसारखी नाही. ती किंचित चढते, पातळ होते, कधी दोन सुरांत फुटते, आणि तिच्यावर चिडले की ती मोठी होते. चिडणे थांबले की ती लहान होते, हे मी सलग तीन दिवस पुन्हा पुन्हा करून पाहिले.

चौथ्या दिवशी विपश्यना दिल्यानंतर रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या असतात. तासभर हात, पाय आणि डोळे उघडायचे नाहीत. पहिल्या दोन दिवसांत माझ्या उजव्या गुडघ्याने जे केले त्याचे वर्णन टाळते. मात्र त्या तासांत मला वारंवार ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा टोनी आयोमी आठवत असे, आणि तो का आठवला हे सांगायला हवे. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, या डावखुऱ्या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. त्याने बोटांवर घरी केलेल्या टोप्या चढवल्या, पुढे तारा ढिल्या केल्या, कारण ताणलेली तार दाबताना दुखत असे. आणि १९७१ पर्यंत त्या दीड स्वर खाली उतरल्या. आज ज्याला आपण 'हेवी' म्हणतो त्या खर्जातल्या आवाजाचा बराच भाग त्या दुखऱ्या बोटांतून आला आहे. दुसरीकडे पाली साहित्यात सोण कोळिविसाची गोष्ट आहे: तळवे रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करून हताश झालेल्या या भिक्षूला, तो पूर्वी वीणा वाजवत असे हे जाणून, बुद्ध विचारतात की तार फार ताणली तर ती वाजते का, फार ढिली सोडली तर वाजते का. गुडघ्याशी दात-ओठ खाऊन लढणाऱ्या मला पाचव्या दिवशी ही ताणलेली तार कोणती ते कळले, आणि साधनेत ती उतरवण्याची परवानगी आहे हेही. जिथे वाद्य वाजवण्यास बंदी आहे त्याच परंपरेत प्रयत्नाचे माप सांगायला वीणाच घेतली जाते, याची मला उगाच गंमत वाटत राहिली.

गोएंकाजींच्या आवाजाविषयी लिहिल्याशिवाय कुठल्याही मेटल ऐकणाऱ्याचे परीक्षण पुरे होणार नाही. बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांचे पाली पठण आणि हिंदी दोहे लागतात. ओळीच्या अखेरीस तो आवाज खाली खाली उतरतो, सूर सुटतो आणि नुसता घशातला खरखरता खर्ज उरतो. माझ्या शेजारच्या साधिकेला, दहाव्या दिवशी आर्यमौन, म्हणजे साधकांनी आपसात न बोलण्याचा नियम, सुटल्यावर तिनेच सांगितल्याप्रमाणे, पहिले दोन दिवस त्या आवाजाची भीती वाटली होती. मला तो पहिल्या क्षणापासून घरचा वाटला, कारण शब्दापेक्षा घशाच्या खरखरीवर अर्थ तोलून धरणारे गायन ऐकण्याची माझ्या कानांना वर्षानुवर्षांची सवय आहे. तक्रारच करायची तर ध्वनियंत्रणेची करीन: त्या सभागृहातला स्त्रियांच्या बाजूचा एक स्पीकर खालच्या सुरांना फाटत होता, आणि दहा दिवसांत तो कुणी बदलला नाही. डिस्टॉर्शनबद्दल, म्हणजे आवाज फाटण्याबद्दल, तक्रार करण्याचा अधिकार मला आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

आता काकूंच्या आक्षेपाकडे येते. मेटल तामसिक आहे, त्याने मन मलिन होते, असे त्या म्हणतात आणि गीतेचा हवाला देतात. सतराव्या अध्यायात आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे तीन प्रकार सांगितले आहेत, संगीताचे नाहीत. शिवाय ज्या महाराष्ट्रात पन्नास टाळ आणि पखवाज एका मंडपात घुमले की तिथल्या म्हाताऱ्याही उठून नाचू लागतात, तिथे देव फक्त हळू आवाजातच भेटतो असे म्हणणे मला पटत नाही. क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांचा २०१५ सालचा एक अभ्यास मला अधिक उपयोगी वाटतो. त्यांनी मेटल आणि तत्सम संगीत ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम राग येईल असे बोलते केले, मग काहींना दहा मिनिटे स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकू दिले आणि काहींना दहा मिनिटे शांत बसवले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. वैरभाव आणि ताण त्यांचाही कमी झाला. परंतु शांत बसलेल्यांच्या हृदयाचे ठोके खाली आले, आणि संगीत ऐकणाऱ्यांचे चढलेलेच राहिले.

हा फरक मी घरी आल्यावर आसनावर अनुभवला. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे शिबिराच्या शेवटी सांगितले जाते. लोकलमध्ये वेगवान थ्रॅश मेटल ऐकून घरी आले आणि लगेच बसले, तर पहिली वीस मिनिटे शरीर अजून गाडीतच असते. मन मात्र बहुधा स्वच्छ असते, कारण दिवसभराचा वैताग ठाण्यापर्यंत धुऊन निघालेला असतो. संथ डूम मेटल ऐकले तर ती अडचण जवळजवळ येत नाही. म्हणून मी आता मधे अर्धा तास सोडते, त्या वेळात कुकर लावते, आणि मग बसते.

आवड सुटली का, असे मित्र विचारतात. नाही सुटली. सुटले ते काहीतरी वेगळेच, आणि तेही पूर्ण नाही. परतल्यानंतर तिसऱ्या दिवशी कार्यालयात वरिष्ठांनी चारचौघांत सुनावले, आणि गाडीत शिरताच माझा हात सवयीने पिशवीतल्या हेडफोनकडे गेला. छातीत काहीतरी गरम, घट्ट बसले होते, आणि हात त्याच्यावर झाकण ठेवायला निघाला होता. हे मला हात निघाल्यावर का होईना, दिसले. अठरा वर्षांत किती गाणी मी ऐकली आणि किती नुसती झाकण म्हणून वापरली, याचा हिशेब त्या दिवशी सुरू झाला. कुर्ल्यापर्यंत मी ते गरम, घट्ट तसेच राहू दिले, आणि कुर्ल्यानंतर हेडफोन लावले. ते गाणे मला फार दिवसांनी नीट ऐकू आले. बास गिटार वेगळी आणि ढोल वेगळा, अगदी एकेक.

जाणाऱ्यांना दोन व्यावहारिक गोष्टी सांगते. आधीच्या आठवड्यात ऐकणे एकदम बंद करण्यापेक्षा हळूहळू कमी करा. मी आदल्या रात्रीपर्यंत ऐकले आणि त्याचे भाडे जवळजवळ तीन दिवस भरले. कान वाजत असतील तर आधी कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्या, आणि अर्जात तसे लिहा, म्हणजे शून्यागारात दचकायला होणार नाही. मी स्वतः आता कॉन्सर्टला जाताना इअरप्लग घेऊन जाते. त्याने आवाज कमी होतो, खर्ज तरीही छातीत भरतो.

पुढच्या वर्षी मी जुनी साधिका म्हणून पुन्हा अर्ज करणार आहे. तेव्हा पाच वाजता मुरमुऱ्यांऐवजी नुसते लिंबाचे पाणी मिळेल, आणि पाचाऐवजी आठ शीले, म्हणजे आचरणाचे नियम, घ्यावी लागतील. त्यांतले सातवे नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याचे आहे. हेडफोन या खेपेस घरीच ठेवीन, म्हणजे पावती लिहिणारीचे काम तेवढे कमी होईल.