प्रागच्या चौकात मिळालेल्या पाच खऱ्या नोटा

मी सांगलीची. एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त कॅश काउंटरवर. नोट हातात आली की अंगठा आपसूक तिच्यावरून फिरतो. कागद कसा आहे हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण परदेशात कुणी फसलं की आपल्याकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "एवढंही कळू नये का?" मला कळत होतं. तरीही माझे दोनशे युरो, म्हणजे आपले अठरा हजारांहून जास्त रुपये, भर दुपारी गर्दीच्या चौकात दोन मिनिटांत गेले. ते कसे गेले हे नीट लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून हा खटाटोप.

लेक जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. निवृत्त झाल्यावर गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिची परीक्षा जवळ आलेली, आणि खोली एवढीशी. म्हटलं, मी दोन दिवस प्राग बघून येते, तू अभ्यास कर. ड्रेस्डेनहून प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत-बाहेर. एल्ब नदीच्या काठाकाठाने गाडी जाते आणि देश कधी बदलला ते कळतही नाही. पैसा मात्र बदलतो. चेक प्रजासत्ताक 2004 पासून युरोपीय संघात आहे, पण त्यांनी आपलं कोरुना हे चलन सोडलेलं नाही. जर्मनीतून येणाऱ्या माणसाच्या पाकिटात युरो असतात आणि ते घेऊन तो थेट जुन्या शहरात पोचतो. चलन बदलणारी दुकानं तिथेच आहेत आणि फसवणारेही तिथेच उभे असतात.

माझं कार्ड चालत नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड हातात येतं तेव्हा परदेशातल्या वापरासाठी बंद असतं, ते आपण सुरू करून घ्यावं लागतं. काउंटरवर कितीतरी खातेदारांना मी हे समजावलं होतं. स्वतःचं करायचं राहून गेलं होतं. लेकीने निघताना दोनशे युरो रोख दिले आणि सांगितलं, "एका युरोला पंचवीसच्या आसपास कोरुना मिळतात, आई. त्याहून फार कमी देत असतील तर घेऊ नकोस."

जुन्या शहराच्या चौकात 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे. तास भरला की वरच्या दोन खिडक्यांमधून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती फिरतात आणि बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो. ते बघायला सगळी गर्दी माना वर करून उभी राहते. पाकीटमारांची ती वेळ, हे मी वाचलं होतं. पर्स पोटाशी धरून, दोन्ही हात तिच्यावर ठेवून मी उभी राहिले. कुणी काही चोरलं नाही. माझं सगळं लक्ष पर्सवर होतं, आणि पैसे मी स्वतःच पर्समधून काढून दिले.

घड्याळ बघून झाल्यावर तिथल्याच एका गल्लीत चलन बदलायच्या दुकानासमोर थांबले. तिकडे त्याला स्मेनार्ना म्हणतात. शून्य टक्के कमिशन, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. पण युरोचा विकत घेण्याचा भाव बघितला तर वीस कोरुनांच्याही खाली. कमिशन शून्य, आणि एका युरोमागे पाच-सहा कोरुना भावातूनच कापलेले. हे मात्र माझ्या लगेच लक्षात आलं, आणि मी मागे वळले.

तेवढ्यात एक माणूस जवळ आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. साध्या इंग्रजीत म्हणाला, "इथे बदलू नका मादाम, हे लुटतात." मग म्हणाला की उद्या कामासाठी जर्मनीला जायचं आहे, त्याला युरो हवेच आहेत, तो पंचवीसने देईल. दोनशेचे पाच हजार. तुमचं नुकसान नाही, माझंही नाही.

इथे वाचणाऱ्याने थोडं थांबावं. त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. ते दुकान खरोखरच वाईट भाव देत होतं आणि ते मी मिनिटभरापूर्वी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्याने सांगितलेला भावही लेकीने सांगितलेलाच होता. जास्त दिला असता तर मी सावध झाले असते, पाच हजारांचे साडेपाच म्हणाला असता तर पाय मागे घेतला असता. त्याने रास्त तेवढंच देऊ केलं, आणि मला तो भला माणूस वाटला.

त्याने पाच नोटा काढल्या. प्रत्येकीवर 1000. एकेक करून मोजल्या, मग माझ्या हातात दिल्या, घाई केली नाही. मी मोजल्या. एक नोट उजेडाकडे धरली. वॉटरमार्क होता, धागा होता. कागद बोटांना करकरीत लागला. झेरॉक्स नाही, खोटी नाही. दुसरीही बघितली. मग मी दोनशे युरो दिले. त्याने मान झुकवून आभार मानले आणि तो गल्लीच्या वळणावर गेला.

अर्ध्या तासाने ट्रामचं तिकीट घ्यायला वर्तमानपत्रं-सिगारेटच्या एका छोट्या दुकानात गेले. नोट काउंटरवर ठेवली. आतल्या म्हाताऱ्या बाईंनी ती उचललीही नाही. बोटाने माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाल्या, "फोरिंट." मला कळलं नाही. त्यांनी नोटेवरच्या शब्दावर नख ठेवलं, "हंगेरी."

नोटेवर स्वच्छ रोमन अक्षरांत लिहिलं होतं, एझेर फोरिंट. एक हजार फोरिंट. खालीवर कुठेही चेक शब्द नव्हता. निळसर नोट, त्यावर हंगेरीचा राजा मात्याश. चेकची हजाराची नोट जांभळट असते आणि तिच्यावर फ्रांतिशेक पालात्स्की हे इतिहासकार असतात. हे मला आज पाठ आहे, त्या दिवशी नव्हतं. तेव्हा एका कोरुनाला पंधरा-सोळा फोरिंट येत होते. माझ्या हातातले पाच हजार फोरिंट म्हणजे जेमतेम बारा-तेरा युरो.

पोलिसांत गेले. ड्यूटीवरच्या बाई चांगल्या होत्या. जबाब लिहून घेतला, कागद दिला, आणि पैसे परत मिळायची आशा धरू नका हेही स्पष्ट सांगितलं. त्यांनीच एक गोष्ट सांगितली, ती प्रागला जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. एप्रिल 2019 पासून तिथे कायदा आहे : चलन बदलायच्या दुकानात हजार युरोपर्यंतचा व्यवहार केला आणि मन बदललं, तर तीन तासांच्या आत कारण न सांगता तो रद्द करता येतो. पावती मात्र हातात हवी. म्हणजे ज्या दुकानाला मी लुटारू समजून मागे फिरले, तिथे बदलले असते तर पैसे परत मिळाले असते. रस्त्यावरच्या माणसाने ना पावती दिली, ना तो सापडायचा.

रात्री हॉटेलच्या वायफायवर कार्ड सुरू केलं आणि सकाळी एका बँकेच्या शाखेच्या भिंतीतल्या एटीएममधून दोन हजार कोरुना काढले. मशीनने विचारलं, रक्कम रुपयांत बदलून दाखवू का? त्याला नाही म्हणायचं. हो म्हटलं की भाव ते मशीन ठरवतं, आणि तो आपल्या बँकेच्या भावापेक्षा बहुधा महागच पडतो. पर्यटकांच्या गल्ल्यांत दुकानांच्या दारात स्वतंत्र उभी असलेली मशीन्स टाळा, त्यांचं शुल्कही जास्त असतं. खरं तर प्रागमध्ये बहुतेक सगळीकडे कार्ड चालतं, ट्राममध्येसुद्धा. रोख फार थोडी लागते. आणि ज्या देशात जाणार तिथल्या नोटांचे फोटो त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर असतात. विमानात बसण्याआधी दहा मिनिटं ते बघा. नुसता आकडा बघू नका, चलनाचं नाव वाचा.

चार्ल्स पुलावर त्या दिवशी बराच वेळ बसले. 1357 मध्ये बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कठड्यांवर संतांचे पुतळे, खालून व्लतावा नदी. मला सारखी बँकेतली तिजोरी आठवत होती. तिला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकावर विश्वास नाही म्हणून नाही. एकटा माणूस दमलेला असू शकतो, त्याचं लक्ष दुसरीकडे असू शकतं, म्हणून. प्रवासात शेजारी कुणी असतं तर "जरा बघ गं, ही नोट इथलीच ना?" एवढंच विचारलं असतं. एकटीने फिरू नका असं मी मुळीच म्हणणार नाही, मी परत जाणार आहे. पण पैसे हातातून सोडण्याआधी दुसरी किल्ली शोधा. समोरच्या दुकानातल्या कुणाला नोट दाखवा. लेकीला फोटो पाठवा. माणूस खरा असेल तर तो दोन मिनिटं थांबेल.

लेकीला हे मी तीन आठवडे सांगितलं नाही. लाज वाटत होती. तिने दिलेले पैसे होते, तिच्या शिकवण्यांचे. सांगितलं तेव्हा ती रागावली ती पैशांवरून नाही, तीन आठवड्यांवरून.

चार नोटा तिने ड्रेस्डेनला बदलून घेतल्या. एक मी घेऊन आले. परवा शाखेत गेले होते, जुन्या लोकांना भेटायला. कॅशवर आता एक नवा मुलगा बसतो. त्याच्यापुढे नोट ठेवली, म्हटलं, बघ बरं. त्याने अंगठा फिरवला, उजेडाकडे धरली, धागा बघितला.

"नोट खरी आहे, मॅडम," तो म्हणाला. आणि मग ती उलटी करून, डोळे बारीक करून वाचत त्याने विचारलं, "पण कुठली आहे?"