नर्सरी निवडताना: मोठी आणि छोटी, शेजारी शेजारी ठेवून

निवड शेवटी दोन नावांवर येऊन अडते, तेव्हा बहुतेकदा चित्र असं असतं. एक नर्सरी मोठी. नवी इमारत, छापील वेळापत्रक, वर्गात कॅमेरे, पालकांसाठी ॲप. तीन वर्षांची मुलं अक्षरं गिरवतात आणि त्या वह्या पाहुण्यांना दाखवल्या जातात. दुसरी छोटी. वापरून झिजलेले ठोकळे, वाळू, पाण्याचं टब, आणि दोन-तीन ताई ज्या बरीच वर्षं तिथंच आहेत. चौकशीला गेलात तर माहिती द्यायला कुणी लगेच मोकळं नसतं, कारण ताईंच्या मांडीवर कुणीतरी बसलेलं असतं.

माझा कल छोटीकडे आहे हे आधीच सांगून टाकणं बरं. मात्र तो छोटेपणामुळे नाही. मोठ्या इमारतीतही एखादा गट फार छान चाललेला असतो, आणि छोट्या जागेत एकाच दमलेल्या बाईंच्या गळ्यात डझनभर मुलं असू शकतात.

तुलनेत शिरण्याआधी चाळणी लावा. तान्ही बाळं पाठीवर झोपवतात का? डायपर बदलल्यावर आणि भरवण्याआधी हात धुतले जातात का, आणि डायपर बदलायची जागा जेवणाच्या जागेपासून वेगळी आहे का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं कुणीतरी कायम हजर असतं का? जड कपाटं भिंतीला पक्की आहेत का? आधी नाव न दिलेल्या माणसाच्या हाती मूल सोपवतात का? यातल्या एखाद्या उत्तरानं पोटात गोळा आला तर ती नर्सरी यादीतून बाद करा, मग बाकीचं कितीही आवडलेलं असो. इथे गुणांची बेरीज-वजाबाकी करायची नसते.

आता आकडे. एका मोठ्या माणसामागे किती मुलं, याला तोंडी उत्तर मिळतं ते ऐकून घ्या, पण तपासा. इंग्लंडच्या नियमांत दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस लागतो. दोन वर्षांच्या मुलांसाठी सप्टेंबर २०२३ पर्यंत चारामागे एक होता, तो पाचामागे एक करण्यात आला. अमेरिकेतल्या बालशिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनेची मानकं तान्ह्या बाळांसाठी चारामागे एक आणि गटात जास्तीत जास्त आठ बाळं असं सांगतात. चार वर्षांच्या मुलांसाठी दहामागे एक आणि वीसचा गट. गटात एकूण मुलं किती, हा दुसरा आकडा पालक हमखास विसरतात. एका दालनात चोवीस मुलं आणि चार ताई, किंवा दोन खोल्यांत बारा-बारा मुलं आणि दोन-दोन ताई: प्रमाण तेच, पण पहिल्या दालनातला गोंगाट असा असतो की हळू बोलणाऱ्या मुलाचं कुणाला ऐकूच येत नाही. मोठ्या नर्सरीत नेमकं हेच विचारा.

आणखी एक खाचाखोच. स्वयंपाक करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, कार्यालयात बसणाऱ्या अशा सगळ्यांची गणती करून प्रमाण सांगितलं जातं. म्हणून ‘जेवणाच्या वेळी या खोलीत कोण कोण असतं?’ आणि ‘संध्याकाळी शेवटच्या तासाला?’ असे प्रश्न विचारा. छोटी नर्सरी बहुधा इथेच अडखळते. एक ताई रजेवर गेली की तिच्या जागी कुणी नसतं. मोठीकडे बदली माणूस असतो, पण तो मुलांना ओळखत नसतो.

प्रमाण चांगलं असलं म्हणजे काम झालं असं नाही. त्यानं फक्त ताईला सवड मिळते, आणि त्या सवडीचं ती काय करते यावर सगळं आहे. मोरीपाशी उभं राहून मूल म्हणतं, ‘पाणी गेलं.’ एक ताई म्हणते, ‘कपडे भिजतील, ये इकडे.’ दुसरी वाकून बघते: ‘हो की! कुठं गेलं असेल?’ मूल म्हणतं, ‘खाली.’ ‘खाली काय आहे?’ असं अर्धा मिनिट चालतं, मग दोघं आपापल्या कामाला. दिवसभरात अशी किती अर्धी मिनिटं होतात, यावर मी नर्सरीची पारख करते. इंग्लंडमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे तीन हजार मुलांचा माग घेतला गेला. ज्या केंद्रांत मुलांची प्रगती चांगली दिसली, तिथे मोठं माणूस आणि मूल मिळून एखाद्या गोष्टीवर डोकं लावतात असे प्रसंग जास्त आढळले. तिथल्या कर्मचाऱ्यांचं शिक्षण हाही फरक पाडणारा घटक ठरला. म्हणून छोटीतल्या प्रेमळ ताईंनी बालशिक्षणाचं काही रीतसर शिक्षण घेतलंय का, हे विचारायला संकोचू नका. मुलांची माया असणं वेगळं आणि दोन वर्षांचं मूल चावतं तेव्हा काय करायचं हे माहीत असणं वेगळं.

पुढचा वाद अभ्यासाचा. मोठी म्हणते, आमची मुलं पहिलीत जाताना पुढे असतात. असतीलही, काही काळ. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांना जागांपेक्षा जास्त अर्ज आले, तेव्हा सोडतीनं प्रवेश दिले गेले आणि संशोधकांनी दोन्ही गटांतल्या मुलांवर लक्ष ठेवलं. वर्ष संपताना प्रवेश मिळालेली मुलं पुढे होती. २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत मात्र तीच मुलं सहावीत परीक्षांमध्ये मागे पडलेली दिसली. दोष गिरवण्याचाच होता असं यावरून सिद्ध होत नाही, पण शाळेत शिरतानाचा तो पुढावा टिकतोच असं म्हणता येत नाही, एवढं नक्की. याउलट, १९६२ साली अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात सुरू झालेल्या पेरी या पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रकल्पाचे फायदे ती मुलं चाळिशीला पोहोचेपर्यंत दिसत राहिले. तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक होता, मुलं आपलं काम स्वतः ठरवायची, आणि शिक्षक दर आठवड्याला घरी भेट द्यायचे. अवघ्या १२३ मुलांचा, गरीब घरांतल्या मुलांसाठीचा तो प्रयोग होता. त्याचं नाव घेऊन जाहिरात करणाऱ्या नर्सरीला यातलं काय काय तुमच्याकडे आहे असं विचारून बघा.

हालचालीबद्दल थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, आणि एक वर्षाच्या मुलांसाठी स्क्रीन नकोच. भिंतीवर मोठा टीव्ही लावून ठेवणारी नर्सरी माझ्या लेखी तिथेच दोन पायऱ्या खाली येते. अंगणाचं म्हणाल तर, असणं पुरत नाही. रोज तिथे मुलं जातात का ते बघा.

कॅमेऱ्यांचं काय? घातपात-अपघाताच्या चौकशीत त्यांचा उपयोग होतो, नाकारत नाही. पण कार्यालयात बसून दिवसभर मुलाला पडद्यावर बघणाऱ्या पालकांना संध्याकाळी ताईंशी बोलायचं सुचत नाही, असं मी पाहिलंय. ॲपवर ‘जेवण: पूर्ण, झोप: दीड तास’ येतं. ताई सांगते, ‘आज झोपेतून उठल्यावर बराच वेळ कडेवरून उतरली नाही.’ दुसरी माहिती मला जास्त कामाची वाटते.

तेव्हा दोन्हीकडे एकच प्रश्न न चुकता विचारा: माझं मूल मुख्यतः कोणत्या ताईंकडे असेल, आणि त्या इथे किती वर्षं आहेत? लहान मूल नर्सरीत रुळतं ते एका माणसाच्या आधारानं. मोठीनं नाव सांगितलं, त्या ताई टिकलेल्या निघाल्या आणि गट लहान असला, तर माझा कल बाजूला ठेवून मोठी घ्या. छोटीत सगळे मिळून सगळ्यांकडे बघतो असं ऐकलंत तर सावध व्हा. रडणारं मूल नेमकं कुणी उचलायचं, हे तिथे ठरलेलं नसतं.

दाखवण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळी जा, आणि शक्य असेल तर झोपेतून मुलं उठतात त्या वेळीही. काही किरकिरतात, एखाद्याचे कपडे ओले झालेले असतात, एक बूट सापडत नसतो. पहिल्या आठवड्यात पालकांना आत बसू देतात का, की दारातूनच मूल ओढून घेऊन ‘तुम्ही जा, रडणं थांबेल’ म्हणतात, तेही विचारून घ्या. दुसरं उत्तर आलं तर मी फॉर्म भरत नाही.